उजव्या पंखाचा तपास

ईडन प्रेरी, १२ मार्च १९९४

पुरुषोत्तम भावोजी,

नमस्कार लिहिते आणि सरळ मुद्द्यावर येते, कारण आज मला गोड बोलायला जमणार नाही. फोन केला की तुम्ही 'हं, मृणालिनीला देतो' एवढंच बोलता. पत्र बायकोच्या हातात द्यायचं तरी आधी फोडावं लागतं, म्हणून पत्र लिहितेय.

तुमच्या बंधुराजांनी माझ्या घराचा कारखाना केलाय. या क्षणी आमच्या डायनिंग टेबलवर विमानाचं शेपूट आहे. थट्टा नाही करत. दोन महिने झाले, आम्ही किचनच्या ओट्यापाशी उभ्याने जेवतोय. नील नोकरीला रेडमंडला गेल्यापासून त्याची खोली रिकामी होती, ती आता लाकडी फासळ्यांनी भरलीय. बाहेर उणे वीस, थंडीत सरस धरत नाही, म्हणून सगळं घरात. पोह्यांना व्हार्निशचा वास येतो. संक्रांतीला आलेल्या बायका शेपटाला वळसा घालून सोफ्यापर्यंत पोचल्या, आणि कांचनताई म्हणाल्या, "अगंबाई, हे काय मॉडर्न फर्निचर का?" मी हो म्हणून टाकलं.

प्रकरण असं आहे. इथून चाळीस मैलांवर हॅरल्ड लिंडक्विस्ट नावाचे एक्याऐंशी वर्षांचे शेतकरी राहतात. दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकन सैन्यातल्या पोरांना ग्लायडर शिकवायचे. इंजिन नाही, पंख लाकडाचे, वर कापड, दोन सीटा: पुढे शिकाऊ पोरगा, मागे लिंडक्विस्ट. यात हात बसला की त्या पोराला मोठ्या ग्लायडरवर पाठवायचे, आणि मग डझनभर सैनिक भरून शत्रूच्या शेतात नेऊन उतरवायचं. एकदाच उतरायचं. ते ग्लायडर तिथेच मोडून पडायचं, परत यायची सोयच नव्हती. युद्ध संपल्यावर सरकारने शिकवायची ग्लायडरं विकायला काढली, तेव्हा लिंडक्विस्टांनी आपलं विकत घेतलं, गवताच्या कोठारात ठेवलं, आणि त्यानंतर एकदाही उडवलं नाही. तुमचे दादा त्यांना ग्लायडिंग क्लबात भेटले आणि माझं नशीब फिरलं.

क्लबात हे आठ वर्षं उडताहेत, लायसन्स आहे, त्याबद्दल मी कधी चकार शब्द काढला नाही. पण हे पन्नास वर्षांचं जुनं लाकूड! आणि तारीखसुद्धा ठरवून बसलेत. ४ सप्टेंबर, लेबर डेच्या सुट्टीतला रविवार. लिंडक्विस्टांना मरायच्या आत ते एकदा आकाशात हवंय, आणि यांना उडवायचंय.

माझं एवढंच मागणं आहे. तुम्ही लिहा, 'दादा, उडू नकोस.' तीन शब्द. माझं ऐकत नाहीत, नीलचं तर नाहीच. तुमचं ऐकतील.

तुम्हा भावांत जे झालं ते झालं. चीनचं युद्ध चालू असताना तुमचं एअर फोर्सचं सिलेक्शन हातातोंडाशी आलेलं, आणि त्याच महिन्यात ग्लायडर पडून तुमचा पाय कायमचा अधू झाला. मला सगळं कळतं, पण मी त्यात पडणार नाही. मी काही त्या दिवशी माळावर नव्हते.

मृणालिनीला आठवण.

तुमची वहिनी,
वसुधा


ईडन प्रेरी, २ मे १९९४

पुरुषोत्तम भावोजी,

कार्ड मिळालं. 'त्याला करायचं ते करू दे. कळावे.' मी तीन शब्द मागितले होते, तुम्ही सहा पाठवलेत आणि तेही नेमके उलटे. तुमच्या घराण्यात सरळ उत्तर द्यायची पद्धतच नाही का?

ते कार्ड यांनी वाचलं आणि खिशात घातलं. धुवायला शर्ट काढला तेव्हा माझ्या हाती लागलं. परत जागेवर ठेवलं मी, काय करणार.

आता पंखांवर कापड चढवायचं काम सुरू आहे, आणि त्यात मला जुंपलंय. आधी माझी इस्त्री गेली. हे कापड इस्त्री फिरवली की आवळून बसतं म्हणे, त्यामुळे आता नीटनेटके कपडे विमानालाच, आम्ही चुरगळलेले फिरतो. मग शिवण. पंख मधे उभा करायचा, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला मी. हे हातभर लांब सुई आरपार घालतात, मी ओढून घेते, फासळीला वळसा देते, परत पाठवते, ते गाठ मारतात. एका पंखाला साडेतीनशे टाके. तुमच्या आईंनी मला गोधडी शिवायला शिकवलं ते असं कामाला येईल असं त्यांच्या स्वप्नात नसेल. आम्हाला एकमेकांचं तोंड दिसत नाही, फक्त सुई येते आणि जाते. शनिवार-रविवार आमचा संसार असा चाललाय.

कापड चढवण्याआधी सरकारी इन्स्पेक्टर येऊन प्रत्येक सांधा ठोकून बघून गेला. कागद पक्के आहेत, हे मी प्रामाणिकपणे सांगते. त्याच दिवशी पुढच्या सीटची जुनी फळी निघाली, तर तिच्या मागे पेन्सिलने नावं लिहिलेली. शिकून गेलेल्या पोरांची. सदतीस. लिंडक्विस्टांची नजर आता गेल्यातच जमा आहे, म्हणून मी वाचत गेले आणि ते सांगत गेले, हा आयोवाचा, हा गाणं म्हणायचा, हा लँडिंगला घाबरायचा. काही नावांपुढे फुली होती. तिथे मी लगेच पुढचं नाव वाचायची. शेवटी म्हणाले, "आय चेक्ड एव्हरी वन ऑफ देम आउट, वसुडा." म्हणजे प्रत्येकाला तपासून, हा उडू शकतो असं त्यांनीच म्हटलं होतं. माझं नाव त्यांना तीन वर्षांत नीट म्हणता आलेलं नाही.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. यांची एक वही आहे. सरकारी नव्हे, स्वतःची, मराठीत. प्रत्येक पानावर दोन रकाने, 'जोडणारा' आणि 'तपासणारा'. पहिल्या रकान्यात यांची सही. दुसरा कोरा. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा.

"हे रिकामं का ठेवलंय?" मी विचारलं.

"तपासणारा मिळाला की भरीन."

"इन्स्पेक्टर सही करून गेला ना?"

"ती त्याच्या कागदावर. ही आपली वही."

"मग क्लबातल्या कुणाची घ्या. फ्रँक आहे, तो टो करतो, विमानाने ग्लायडर ओढून वर नेतो."

"वसू, ती इस्त्री अनप्लग कर गं," म्हणाले आणि वही मिटली.

जोडेल त्याने तपासायचं नाही, हा तुमच्या त्या माळावरच्या क्लबाचा नियम. मी लग्नानंतर हजार वेळा ऐकलाय. पंख जोडले की एकाने आत बसून दांडा धरायचा, दुसऱ्याने बाहेर पंखाची मागची पट्टी दाबून बघायची, आतून जोर परत येतो की नाही. जोर आला तर आतली जोडणी लागलेली. डावी बघायची, मग उजवी. एकट्याने हा तपास होतच नाही. तो रकाना कुणासाठी राखलाय हे मी सांगायला नको, तुम्ही काही कुक्कुलं बाळ नाही.

वसुधा


ईडन प्रेरी, १७ जुलै १९९४

पुरुषोत्तम भावोजी,

अडीच महिने तुमचं उत्तर नाही. पोस्टाचा दोष म्हणावा तर मृणालिनीची दिवाळीची पाकिटं बरोबर वेळेवर येतात.

काल नीलला फोन केला. म्हटलं, बाबांना समजाव. तर म्हणतो, "मॉम, ही इज अ ग्रोन मॅन. इट्स हिज थिंग." मी म्हटलं, "तुझे बाबा ग्रोन मॅन आहेत हाच तर प्रॉब्लेम आहे, लहान असते तर कान धरला असता." तो हसला. सगळ्यांना हसू येतंय.

मग रात्रीच्या जेवणाला यांनाच गाठलं. ग्लायडर आता कोठारात गेलंय, टेबल मोकळं झालंय, म्हणून समोरासमोर बसता तरी आलं.

"उडाल त्या सकाळी पंख जोडल्यावर तपास कोण करणार?"

"बघू."

"बघू म्हणजे? कुणी नाही मिळालं तर?"

"तर तसंच."

तसंच! भावोजी, हा माणूस चहात साखर घातली का हे तीनदा विचारतो. गाडी गॅरेजबाहेर काढायच्या आधी चारी टायर बघतो. तो म्हणतोय तसंच. फ्रँक म्हणाला मी करतो चेक, तर त्याला नको म्हणाले. लिंडक्विस्ट मला बाजूला घेऊन म्हणाले, "डोन्ट लेट हिम गो अप लाइक दॅट." मी कोण थांबवणारी? मला आता सरळ दिसतंय. तुम्ही ज्या सीटवर बसला होता, जसे बसला होता, तसंच यांना बसायचंय. न तपासलेल्या पंखांखाली. पडलो तर फिटलं, असा हिशेब आहे डोक्यात. मला भीती वाटते. रागावून रागावून थकले आणि आता फक्त भीती वाटते.

१८ जुलै, सकाळी

काल पाकीट बंद केलं नाही ते बरं झालं.

मी पहिल्या पत्रात खोटं लिहिलं. त्या दिवशी मी माळावर होते.

नोव्हेंबरातला रविवार. आमचं लग्न दीड महिन्यावर आलं होतं. लग्न ठरलेल्या मुलीने एकटीने भेटायला जायचं नाही, हे मला माहीत होतं, पण मी बहिणीची सायकल घेऊन निघाले. कशासाठी ते लिहायची लाज वाटते. शालू जांभळा घ्यायचा की मोरपंखी, हे विचारायला. दोन तुकडे पदराला बांधून आणले होते.

मी शेडच्या मागे उभी राहिले. तुम्ही ग्लायडरमध्ये पट्टे बांधून बसला होता, तोंड पलीकडे. यांनी डावी पट्टी दाबून बघितली, तुम्ही आतून "ठीक" म्हणालात. हे उजवीकडे निघाले. तेवढ्यात मी सायकलची घंटी वाजवली.

यांनी वळून बघितलं आणि धावत आले. मी तुकडे दाखवले. म्हणाले, मोरपंखी. आणि परत फिरता फिरता कुणीतरी हाक मारली, ग्लायडर दोराने ओढणारं विंच तयार आहे, म्हणून यांनी तुम्हाला हात वर केला. ओके. उजवी बाजू राहिली. वर गेल्यावर ग्लायडर उजवीकडे कललं आणि सरळ झालंच नाही, ते मी शेडमागून बघितलं. मग सायकलवर बसून घरी पळाले.

हॉस्पिटलात तुम्ही एकच विचारलंत, "दादा, उजवी बाजू का नाही बघितलीस?" आणि हे गप्प बसले. मीही तिथेच होते, सासूबाईंना चहा देत. आज लिहिते त्यांनी उत्तर का दिलं नाही ते. माझं नाव सांगितलं असतं तर घरात पाऊल टाकायच्या आधीच मी पांढऱ्या पायाची ठरले असते. लग्न झालं असतं का माहीत नाही, झालं असतं तर जन्मभर त्या घरात कुणी माझ्या हातचं हळदीकुंकू घेतलं नसतं. यांनी मला वाचवलं आणि त्याची किंमत म्हणून तुम्हाला गमावलं.

मृणालिनीने मला एकदा सांगितलं, तुम्हाला वाटतं, तुम्ही एअर फोर्सात जायलाच दादांना नको होतं. यांचे स्वतःचे डोळे कमी म्हणून एअर फोर्सने नाकारलं होतं, म्हणून. भावोजी, तसं नव्हतं हो. मत्सर नव्हता. सायकलची घंटी होती. मी बत्तीस वर्षं तुमच्या आईंच्या हातून साडीचोळी घेतली, मृणालिनीच्या दिवाळीच्या पत्रांत माझ्या नावाचे नमस्कार वाचले, आणि तोंड उघडलं नाही.

तो शालू मी लग्नात नेसले, त्यानंतर कधी नाही. हे विचारतात, का नेसत नाहीस. यांना खरंच कळत नाही का, हे मला अजून कळलेलं नाही.

खाली लिंडक्विस्टांच्या किचनमधल्या फोनचा नंबर लिहितेय. ४ तारखेला सकाळी नऊपासून आम्ही तिथे असू. तुमच्याकडे तेव्हा संध्याकाळचे साडेसात. शिव्या द्यायला करा, पण करा.

वसुधा


ईडन प्रेरी, ६ सप्टेंबर १९९४

पुरुषोत्तम भावोजी,

आधी तुमच्यावर रागावून घेते. नऊपासून मी त्या किचनमधल्या खुर्चीत बसून फोनकडे बघत होते. साडेनऊ. दहा. पंख जोडून झाले. फ्रँकने टोचं विमान सुरू करून बंद केलं. साडेदहाला मी फोन उचलून बघितला, चालू आहे का. चालू होता. मग उठले, आणि मी अंगणात पोचले तेव्हा घंटी वाजली. सात आठवडे दिले होते तुम्हाला!

लिंडक्विस्ट ओट्याला चाचपडत ओरडले, "वसुडा! इंडिया!" धावताना माझी एक चप्पल गवतात राहिली.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण मला लिहू द्या. तुम्ही नमस्कार म्हटलं नाहीत, पत्र मिळालं म्हटलं नाहीत. "वहिनी, पंख जोडले का?"

"जोडले. थांबा, यांना बोलावते."

"दादाला नका बोलावू. त्याला आत बसू दे, दांडा धरू दे. पट्टी तुम्ही बघा."

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"टाके कुणी घातले?" तुम्ही विचारलंत. "आधी डावी. मग उजवी. मी फोनवर आहे."

मी तशीच एका चपलेवर ग्लायडरपाशी गेले. हे आत पट्टे बांधून बसले होते.

"भावोजी फोनवर आहेत. दांडा धरा."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू सांगितलंस त्याला?"

"हो."

"कशाला सांगितलंस? बत्तीस वर्षं मी कुणाला..."

"अहो, दांडा धरा म्हणतेय ना!"

धरला. मी डावी पट्टी वर दाबली, खाली दाबली. आतून जोर आला. माझ्या हाताला कळलं. मग शेपटाला वळसा घालून उजवीकडे जायचं होतं. बारा-पंधरा पावलं. मला वाटत होतं आता कुणीतरी हाक मारणार.

कुणी मारली नाही. मी उजवी पट्टी दाबली, आणि ती सैल. आतून काही नाही. नुसती खालीवर हलतेय. "लागलेलं नाही!" मी किंचाळले. "अहो, जोडलेलं नाही हे! उतरा खाली!" फ्रँक पळत आला. बघते तर हे महाशय दांडा सोडून दोन्ही हातांनी चष्मा पुसत बसलेत.

"मी काय सांगितलं होतं!" मी म्हटलं. काय काय बोलले ते लिहीत नाही, फ्रँकला मराठी येत नाही हे देवाचे उपकार. यांनी चष्मा लावला, दांडा धरला. मी परत दाबली, वर, खाली. या वेळी जोर आला. चांगला आला.

किचनमध्ये येऊन तुम्हाला म्हटलं, "बघितली."

"उजवी?"

"उजवी. दोनदा."

तुम्ही म्हणालात, "मग जाऊ दे त्याला."

अकरा मिनिटं उडाले. त्या अकरा मिनिटांत मी अंगणात पदर तोंडात धरून उभी, आणि लिंडक्विस्ट फोनची लांब वायर ओढून पायरीवर बसलेले, तुमच्याशी बोलत. त्यांना वर काही दिसत नव्हतं, ते कानाने सांगत होते. "रोप्स ऑफ," म्हणाले, म्हणजे ओढणारा दोर सुटला. मग, "हिअर दॅट? नो? दॅट्स राइट. दॅट्स हाउ इट शुड बी." तुम्ही दोघे न बघणारे, बघत होता. मला दिसत होतं ते मला सांगायला सुचलं नाही. तो पंख उन्हात पांढरा दिसत होता आणि त्यावर माझे टाके असतील असं वाटतही नव्हतं.

उतरल्यावर हे फोनवर आले. मी कान लावून होते. यांनी चार वेळा 'हं' म्हटलं, एकदा 'अरे', आणि मग भिंतीकडे तोंड केलं. तुम्ही काय बोललात ते अजून सांगत नाहीत. दोघे भाऊ एका माळेचे मणी.

संध्याकाळी वही काढली. त्या दिवसाचं पान, पंखांची जोडणी, दुसरा रकाना कोरा. पेन माझ्यापुढे केलं. जागा तुमची, म्हणून मी 'पुरुषोत्तम' लिहायला लागले, तर यांनी हात धरला. "त्याने कुठे हात लावला? तू लावलास. तू सही कर." केली. वसुधा. अक्षर जरा वाकडं आलंय.

पण बाकीची पानं तशीच आहेत. सांधे, तारा, शेपूट. तिथे मी सही करणार नाही, मला त्यातलं काही कळत नाही आणि यांची वही मी उगाच भरून देणार नाही. लिंडक्विस्ट म्हणतात बर्फ वितळलं की परत उडवा, आणि मागची सीट रिकामी आहे. ती शिकवणाऱ्याची सीट. तुमचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नाही, तो आत कसा मावणार, म्हणून काल मी स्वतः मागे चढून बसले, उजवा पाय सरळ ताठ ठेवून. हे खालून ओरडत होते, काय करतेस, काय करतेस.

मावतो, भावोजी.

तुमची वहिनी,
वसुधा